नैतिक उपभोग

वस्तू किंवा सेवा विकत घेताना किंमत, दर्जा व सोय यांच्याबरोबरच ती कोणी, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत तयार केली, तिच्या उत्पादनात माणसांची, प्राण्यांची किंवा निसर्गाची हानी झाली काय, याचा विचार करून निवड करणे म्हणजे नैतिक उपभोग होय. अशी निवड करणाऱ्यास नैतिक ग्राहक किंवा विवेकी ग्राहक म्हणतात. ही निवड दोन प्रकारे केली जाते. अन्यायाने निर्माण झालेल्या वस्तूवर बहिष्कार घालणे हा एक प्रकार, तर न्याय्य रीतीने बनलेली वस्तू हेतुपुरस्सर विकत घेणे हा दुसरा. कल्पना समजण्यास सोपी असली तरी आचरणात ती कमालीची अवघड ठरते. वस्तूकडे पाहून तिच्यामागचे श्रम दिसत नाहीत, प्रमाणपत्रे सदैव विश्वसनीय नसतात, आणि एका दृष्टीने निर्दोष असलेला पर्याय दुसऱ्या दृष्टीने सदोष असू शकतो.

संज्ञा आणि व्याप्ती

महाराष्ट्रात ‘ग्राहक चळवळ’ हा शब्द अधिक परिचित आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. भेसळ, वजनमापातील लबाडी, साठेबाजी व अवाजवी किंमत यांपासून ग्राहकाचे संरक्षण करणे हे या चळवळीचे मुख्य उद्दिष्ट राहिले. नैतिक उपभोगाची दिशा याहून निराळी आहे. येथे प्रश्न ग्राहकावरील अन्यायाचा नसून ग्राहकाच्या खरेदीमुळे इतरांवर होणाऱ्या अन्यायाचा असतो.

हा भेद कायद्यातही उमटलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. ती वस्तू बनविणाऱ्याला किती मजुरी मिळाली, हे जाणून घेण्याचा हक्क या यादीत नाही.

इतिहास

संघटित नैतिक बहिष्काराचे पहिले मोठे उदाहरण साखरेचे आहे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहाबरोबर साखर घरोघर पोहोचली. ही साखर प्रामुख्याने वेस्ट इंडीज बेटांवरील मळ्यांतून येई व तेथे आफ्रिकेतून नेलेले गुलाम राबत असत. एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध करून लोकांना वेस्ट इंडीजची साखर व रम वर्ज्य करण्याचे आवाहन केले. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल, असा हिशेब त्यांनी मांडला होता. घरातील उपभोग आणि दूरवरचा अत्याचार यांना आकड्यांनी जोडण्याचा हा प्रयत्न विशेष परिणामकारक ठरला. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडल्याचा अंदाज गुलामगिरीविरोधी नेते थॉमस क्लार्कसन यांनी नोंदविला आहे. मतदानाचा अधिकार नसलेल्या स्त्रिया या बहिष्कारात अग्रभागी होत्या. १८२० च्या दशकात एलिझाबेथ हेरिक यांनी लेस्टर येथे ही मोहीम पुन्हा उभारली.

आजच्या नैतिक ग्राहकापुढील बहुतेक अडचणी या पहिल्याच मोहिमेत दिसतात. वेस्ट इंडीजच्या साखरेला पर्याय म्हणून ईस्ट इंडिजची, म्हणजे मुख्यतः भारतातील, साखर पुढे आली. ती गुलामांनी बनविलेली नाही असे लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवण्याची प्रथा पडली. पण भारतातही दास्य व वेठबिगार अस्तित्वात होती आणि बहिष्काराच्या विरोधकांनी नेमके हेच दाखवून दिले. भारतातील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेण्यात आली. शिवाय साखर सोडणारी अनेक घरे अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसाचे कपडे वापरतच होती. ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी संपली. त्याच वर्षापासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर, म्हणजे गिरमिटिये, मोठ्या संख्येने नेले जाऊ लागले. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज त्यांच्यापैकीच काहींचा वंशज आहे. गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर आले, तरी ग्राहकाच्या चहात पडणारी साखर पूर्वीसारखीच दिसत होती.

भारतात खरेदीला नैतिक व राजकीय अर्थ स्वदेशी चळवळीने दिला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी १८७० च्या दशकातच हाताने कातलेल्या सुताचे कापड वापरण्यास आरंभ केला आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच वेषात उपस्थित राहिले. वंगभंगानंतर १९०५ मध्ये स्वदेशी आणि बहिष्कार हे देशव्यापी कार्यक्रम बनले. त्यातील एक पेच रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत रंगविला. परदेशी कापड स्वस्त असल्याने तेच विकून पोट भरणाऱ्या गरीब विक्रेत्यांवर सक्तीच्या बहिष्काराचा भार पडतो, हे त्यांनी दाखविले. त्यागाची हाक देणारा व प्रत्यक्ष त्याग करावा लागणारा हे पुष्कळदा वेगवेगळे असतात, हा आक्षेप तेव्हापासून आजवर कायम आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘न्याय्य व्यापार’ ही कल्पना पुढे आली. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मॅक्स हॅवेलार या नावाचे कॉफीसाठीचे चिन्ह सुरू झाले. वसाहतीच्या शोषणावरील एका डच कादंबरीच्या नायकाचे हे नाव आहे. उत्पादकाला किमान हमीभाव आणि सामूहिक कामांसाठी अधिक रक्कम मिळावी, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे. आजचे ‘फेअरट्रेड’ चिन्ह याच प्रयत्नांतून विकसित झाले.

माहितीचा अडसर

नैतिक निवडीची पहिली अट म्हणजे वस्तूचा उगम ठाऊक असणे. आधुनिक पुरवठा साखळीत ती क्वचितच पूर्ण होते. भ्रमणध्वनीच्या बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टचा बहुतांश पुरवठा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून होतो. तेथे मोठ्या खाणींतील खनिजाबरोबर हातांनी खणून काढलेले खनिजही बाजारात येते आणि शुद्धीकरणाच्या वेळी दोन्ही एकत्र होतात. मात्र उगम शोधण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील साखरेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

राज्यातील गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऊसतोडणीसाठी बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व शेजारच्या कर्नाटकात स्थलांतर करतात. तोडणीचे एकक ‘कोयता’ होय आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मजुराला अर्धा कोयता म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला उचल देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या वजनातून फेडली जाते. एखाद्या दिवशी काम झाले नाही तर तो ‘खाडा’ धरला जातो व त्याचा दंड पडतो. उचल न फिटल्यास पुढील हंगामात त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. मजूर फडाजवळ कोप्यांत राहतात, जेथे पाणी व शौचालय यांची सोय बहुधा नसते. मुलांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यावर सुटते.

याचे सर्वांत गंभीर परिणाम स्त्रियांच्या आरोग्यावर झाले आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघडकीस आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांतही न चुकविता येणारे जड काम, अस्वच्छतेमुळे होणारा जंतुसंसर्ग, खाड्याची भीती आणि काही खासगी डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची धास्ती ही त्यामागील कारणे सांगितली जातात.

आता किराणा दुकानातील ग्राहकाचा विचार करावा. कारखान्यात शेकडो शेतांतील ऊस एकत्र गाळला जातो. साखर पोत्यांत भरून व्यापाऱ्यांना विकली जाते आणि दुकानात ती सुटी मोजून दिली जाते. पोत्यावर कारखान्याचे नाव असले तरी ग्राहकाच्या पुडीवर ते नसते, आणि असते तरी कोणत्या कारखान्याच्या फडावर मजुरांना बरे वागविले जाते, हे सांगणारी कोणतीही खूण उपलब्ध नाही. साखर, बिस्किटे, शीतपेये व औषधी पाक यांतून ही साखर प्रत्येक घरात येते. साखर टाळून गूळ घेण्याचा पर्याय हल्ली आरोग्य व साधेपणा यांच्या नावाने सुचविला जातो. परंतु गुळासाठीही ऊसच लागतो व त्या उसाला पाणीही तेवढेच लागते. राज्यातील लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे सत्तर टक्के वाटा घेतो, याकडे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने लक्ष वेधले आहे. येथे ग्राहकाची इच्छा कमी पडत नाही. निवडण्याजोगे दोन पर्यायच त्याच्यासमोर नसतात.

प्रमाणपत्रांच्या मर्यादा

माहितीची उणीव भरून काढण्यासाठी चिन्हे व प्रमाणपत्रे अस्तित्वात आली. काहींनी निश्चित काम केले. बालमजुरीमुक्त गालिच्यांसाठी कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये सुरू झालेले ‘रगमार्क’ हे चिन्ह, आजचे ‘गुडवीव्ह’, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मात्र प्रमाणपत्र म्हणजे एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट मुद्द्यांची झालेली तपासणी असते. तपासणी करणाऱ्या संस्थेचे शुल्क बहुधा तपासला जाणाराच भरतो, हा या व्यवस्थेतील मूळ दोष होय.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ही आग मुद्दाम लावली गेल्याचा निर्णय पुढे न्यायालयाने दिला. तथापि इतके बळी गेले ते बाहेर पडण्याचे मार्ग बंद असल्यामुळे. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगारांच्या परिस्थितीविषयीचे एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ जणांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले असतानाही कामगारांना कामावर बोलाविण्यात आले होते. इमारतीतील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी पूर्वी झाली होती, परंतु इमारतीच्या बांधकामाची मजबुती त्या तपासणीच्या कक्षेत येत नव्हती.

सेंद्रिय मालाबाबतही असे प्रकार घडले आहेत. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक मानक संस्थेने भारतातील सुमारे २० हजार टन कापूस खोट्या कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखविला गेल्याचे जाहीर केले आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. सेंद्रिय व साध्या कापसाचा धागा दिसायला सारखाच असल्याने सगळी भिस्त कागदावर असते.

भारत सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणपूरक वस्तूंसाठी मडक्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना आणली. उत्पादकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि बहुतेक ग्राहकांनी ते चिन्ह पाहिलेलेही नाही. २०२४ मध्ये तिचे नवे नियम करण्यात आले. अधिकृत चिन्ह मागे पडले असता ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे कोणताही निश्चित अर्थ नसलेले शब्द मात्र वेष्टनांवर भरपूर दिसतात. या दिखाऊपणाला ग्रीनवॉशिंग असे नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून असा दावा करणाऱ्याने त्याचा पुरावा देणे अपेक्षित आहे.

पर्यायांची तुलना

एका वस्तूचे अनेक परिणाम असतात आणि ते एकाच मापाने मोजता येत नाहीत. कापडी पिशवी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्यात आली व कापडी पिशवी हा तिचा साहजिक पर्याय ठरला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने पिशव्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ हवामानावरील परिणाम पाहिला, तर साध्या सुती पिशवीने प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी करण्यासाठी ती किमान ५२ वेळा वापरली पाहिजे. सर्व पर्यावरणीय निकष लावले, तर हा आकडा ७,१०० वर जातो. सेंद्रिय सुती पिशवीसाठी तो २० हजार येतो, कारण सेंद्रिय कापसाचे उत्पन्न कमी असल्याने त्याच पिशवीला अधिक जमीन लागते. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. नाल्यांत अडकणाऱ्या, गुरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्यांचा हिशेब त्यात नाही, आणि मुंबईसारख्या शहरात २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तोच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरला होता. म्हणजे उत्तर कोणता प्रश्न विचारला यावर अवलंबून राहते. जुन्या साडीची वा धोतराची घरी शिवलेली पिशवी या गणितातून बरीचशी सुटते. समारंभांत वाटल्या जाणाऱ्या नव्या कोऱ्या पिशव्या सुटत नाहीत.

बहिष्काराचे अनपेक्षित परिणाम

बहिष्काराचा फटका ज्यांच्यासाठी तो पुकारला, त्यांनाच बसू शकतो. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये बालमजुरीतून बनलेल्या मालाच्या आयातीस बंदी करणारे विधेयक मांडले. ते कधीच संमत झाले नाही. पण निर्यात बुडेल या भीतीने बांगलादेशातील कारखान्यांनी सुमारे ५० हजार मुलांना कामावरून काढून टाकले. युनिसेफच्या १९९७ च्या वार्षिक अहवालानुसार त्यांतील बरीच मुले शाळेत न जाता दगड फोडणे, रस्त्यावर विक्री करणे, वेश्याव्यवसाय अशा अधिक धोक्याच्या कामांकडे ढकलली गेली. त्यानंतर १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात करार होऊन मुलांचे शिक्षण आणि त्यांना विद्यावेतन यांची व्यवस्था करण्यात आली. मुलांना कामावरून काढण्यापूर्वी ही व्यवस्था झाली असती तर बरेच नुकसान टळले असते.

याउलट काही बहिष्कार यशस्वीही झाले. बाळदुधाच्या आक्रमक जाहिरातींविरुद्ध १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ मध्ये त्याविषयी स्वतंत्र कायदा केला. येथे मागणी एकच व स्पष्ट होती, वस्तू ओळखता येत होती, मातेचे दूध हा पर्याय उपलब्ध होता आणि खरेदीदारांच्या मागे आरोग्य संघटना उभ्या होत्या. हे चारही घटक एकत्र येण्याचे प्रसंग विरळाच.

किंमत आणि सामाजिक स्तर

प्रमाणित वस्तू सामान्यतः महाग असतात. शिधापत्रिकेवर धान्य घेणाऱ्या कुटुंबाला कोणता तांदूळ नैतिक हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्यामुळे नैतिक उपभोग हा सुस्थित वर्गाचा छंद असल्याची टीका होते. या टीकेत तथ्य असले तरी ती अपुरी आहे. कमी वस्तू घेणे, त्या दुरुस्त करून वापरणे, जुनी पुस्तके व कपडे धाकट्यांना देणे, रद्दी व भंगार विकणे हे वर्तन अल्प उत्पन्नाच्या घरांतच अधिक आढळते; त्याला कोणी नैतिक उपभोग म्हणत नाही इतकेच. उत्पन्नाबरोबर एकूण उपभोग वाढतो, आणि सेंद्रिय साबण वापरणाऱ्या घराचा विमानप्रवास त्या साबणाचा लाभ सहज पुसून टाकतो.

जबाबदारीचा प्रश्न

सर्व भार ग्राहकावर टाकल्याने उत्पादक व शासन मोकळे सुटतात, असा या विचाराविरुद्धचा प्रमुख आक्षेप आहे. व्यक्तीचा ‘कार्बन पदचिन्ह’ मोजण्याची कल्पना २००० च्या दशकात लोकप्रिय करण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. उलट बाजूने असे म्हटले जाते की ग्राहकांच्या अस्वस्थतेवाचून कायदेही होत नाहीत. साखरेच्या बहिष्काराने गुलामगिरी संपविली नाही, पण ती संपविण्याची मागणी घराघरांत नेली.

अलीकडचा कल बंधनकारक नियमांकडे आहे. राणा प्लाझाच्या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये अनेक जागतिक कंपन्या व कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. तो स्वेच्छेच्या प्रमाणपत्रापेक्षा वेगळा होता, कारण त्याचे पालन न करणाऱ्या कंपनीविरुद्ध लवादाकडे जाता येत होते. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची दक्षता घेण्याचे बंधन घातले.

महाराष्ट्रातील उसाला रास्त व किफायतशीर दर केंद्र शासन ठरवून देते व तो शेतकऱ्याला देणे कारखान्यावर बंधनकारक असते. ऊसतोडणीचा दर मात्र साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर झालेल्या करारात या दरात ३४ टक्के वाढ मान्य करण्यात आली.